गाडी बदलण्याचे गणित

प्रवास म्हणजे गाडीत बसणे, अशी आपल्यापैकी बहुतेकांची समजूत असते. कोणी परगावाहून आले की आपण विचारतो, "गाडीला किती वेळ लागला?" घरापासून गाडीपर्यंत किती वेळ गेला, मध्ये गाडी कोठे बदलावी लागली, बदलताना किती पायऱ्या चढाव्या लागल्या, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. या न विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाविषयीच आम्हांस आज चार शब्द लिहावयाचे आहेत.

आमच्या गोव्यात भुयारी रेल्वे नाही. मग शाळेच्या वार्षिकात हा विषय कशासाठी, असे एखादा वाचक म्हणेल. त्यास आमचे उत्तर दुहेरी आहे. चोडण बेटावरून फेरीबोटीने रायबंदरला येणारा आणि तेथून पणजीची बस गाठणारा विद्यार्थी गाडी बदलण्याचे शास्त्र रोजच शिकत असतो. आपण धक्क्यावर पोहोचावे आणि फेरीबोट नुकतीच सुटलेली असावी, यातले दुःख त्यास कोणी समजावून सांगावयास नको. दुसरे असे की, शालेय शिक्षण संपले की आमची मुले मुंबईस, पुण्यास, दिल्लीस आणि काही तर परदेशी जातात. तेथे गेल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांच्या हाती मेट्रोचा रंगीबेरंगी नकाशा पडतो. तो नकाशा जे सांगतो ते खरे असते. पण सारे काही तो सांगत नाही.

गेल्या डिसेंबरात, म्हणजे २०२५ च्या अखेरीस, शिक्षकांच्या एका प्रशिक्षणवर्गासाठी आम्ही तीन आठवडे मुंबईत होतो. मुक्काम गिरगावात मावशीकडे आणि वर्ग असल्फ्याला. आरेपासून कफ परेडपर्यंतचा ३३.५ किलोमीटर लांबीचा व २७ स्थानकांचा भुयारी मेट्रोमार्ग त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात पूर्णपणे खुला झाला होता. गिरगावात खाली उतरावे, मरोळ नाक्याला गाडी बदलावी आणि वर्सोवा-घाटकोपर मार्गाच्या गाडीने असल्फ्याला उतरावे, असा आमचा नित्यक्रम ठरला. नकाशात हा प्रवास फारच सोपा दिसे. एक रेघ, एक वर्तुळ आणि दुसरी रेघ!

शिक्षकाचा स्वभाव, आम्ही पहिल्या आठवड्यात रोजच्या प्रवासाची वहीत नोंद केली. साधारण हिशेब असा झाला : घरापासून स्थानकाच्या दारापर्यंत ८ मिनिटे, तपासणी आटोपून फलाटावर पोहोचण्यास ६, गाडीची वाट पाहण्यात ३, मरोळ नाक्यापर्यंत गाडीत ३७, तेथे गाडी बदलण्यात ११, पुन्हा वाट पाहण्यात ४, दुसऱ्या गाडीत ४, आणि शेवटी पायी ७. एकूण ८० मिनिटे. यांतली गाडीतली मिनिटे किती? अवघी ४१. उरलेली ३९ मिनिटे चालण्यात, चढण्या-उतरण्यात आणि उभे राहण्यात गेली. ज्यास आपण 'मेट्रोचा प्रवास' म्हणत होतो, त्यातील जवळजवळ निम्मा वेळ मेट्रोबाहेरचा होता!

ही वही पाहून आम्हांस थोडा गर्व झाला, हे कबूल केले पाहिजे. गर्वाचे घर खाली, असे मुलांना शिकवणाऱ्यांनाही कधी कधी तो पाठ पुन्हा गिरवावा लागतो.

एका शनिवारी मावशीला डोळे तपासण्यासाठी घाटकोपरला न्यावयाचे होते. वेळ ११ ची ठरली होती. मावशीचे वय ७२, गुडघे दुखरे. तिचे म्हणणे असे की, टॅक्सीने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर जावे आणि तेथून सुटणाऱ्या लोकलमध्ये बसून थेट घाटकोपरला उतरावे. आम्ही हसलो. एवढी नवी भुयारी गाडी घराशी आली असता जुन्या लोकलचा हट्ट कशाला, असे आम्ही तिला समजावले. वहीतील आकडे घेऊन घाटकोपरपर्यंतचा हिशेब मांडला तो ८२ मिनिटांचा झाला. साडेनऊला निघालो तर १० वाजून ५२ मिनिटांनी दवाखान्याच्या दारात, आणि वर ८ मिनिटे शिल्लक! मावशी काही बोलली नाही.

प्रत्यक्षात आम्ही पोहोचलो ते ११ वाजून २५ मिनिटांनी. गाड्या वेळेवर होत्या. त्यांचा काडीमात्र दोष नव्हता. घरापासून स्थानकापर्यंत ८ ची १७ मिनिटे झाली. सरकत्या जिन्यावर पाऊल ठेवण्यास मावशी भ्याली, म्हणून लिफ्ट शोधली आणि तिची वाट पाहिली. तेथे ७ मिनिटे वाढली. मरोळ नाक्याला एक गाडी जमिनीच्या पोटात आणि दुसरी रस्त्याच्या डोक्यावर. आम्ही एकटे असताना जे अंतर ११ मिनिटांत तोडीत होतो, त्यास मावशीबरोबर २६ मिनिटे लागली. वाटेत तीन वेळा थांबावे लागले ते वेगळेच. शेवटच्या रस्त्यावर आणखी २ मिनिटे गेली. दवाखान्यात पुढच्या रुग्णास आत घेतले गेले होते, आणि ते रास्तच होते. एक वाजेपर्यंत मावशी बाकावर गुडघे चोळीत बसून राहिली. आम्ही ओशाळून काही बोलू लागलो, तेव्हा ती शांतपणे एवढेच म्हणाली, "पुता, हांव तुज्या पांयांनी चलना." मी तुझ्या पायांनी चालत नाही!

परतताना आम्ही तिचाच मार्ग धरला. घाटकोपरला लोकल मिळाली, दुपारची वेळ असल्याने बसावयास जागा मिळाली, आणि टर्मिनसवरून टॅक्सीने घर. गाडीतून गाडीत जाण्याचे सव्यापसव्य एकदाही करावे लागले नाही. मावशीचा मार्ग जुना होता म्हणून चांगला होता, असे आम्ही म्हणत नाही. उद्या तिच्याऐवजी कॉलेजात जाणारा तिचा नातू असता तर आमचाच मार्ग बरा ठरला असता. मुद्दा इतकाच की, प्रवासाचा हिशेब प्रवाश्याच्या पायांनी करावा लागतो, आणि आम्ही तो स्वतःच्या पायांनी केला होता.

घरी आल्यावर आम्ही तो नकाशा पुन्हा उघडला. मरोळ नाक्याचे ते छोटे वर्तुळ जसेच्या तसे होते. त्या वर्तुळाच्या आत किती पायऱ्या आहेत, हे नकाशाने कोठेही लिहिले नव्हते. पण यात केवळ मुंबईच्या नकाशाचा अपराध नाही. ही साऱ्या जगाची रीत आहे. आज बहुतेक शहरांतील मेट्रोचे नकाशे ज्या धाटणीने काढतात, ती रूढ करण्याचे श्रेय लंडनच्या हॅरी बेक या आरेखकास देतात. त्याने १९३१ साली लंडनच्या भुयारी रेल्वेचा नकाशा नव्याने मांडला आणि १९३३ साली तो प्रवाशांच्या हाती आला. जमिनीखालून जाणाऱ्या माणसाला वरची वळणे आणि खरी अंतरे कळण्याची गरज नाही. कोणत्या स्थानकानंतर कोणते आणि गाडी कोठे बदलावी, एवढेच त्यास हवे, हे त्याने ओळखले. म्हणून त्याने सर्व मार्ग आडव्या, उभ्या आणि तिरक्या सरळ रेघांनी काढले. कल्पना मोठी नामी होती. पण त्या सोयीची किंमतही पडली. लेस्टर स्क्वेअर आणि कोव्हेंट गार्डन या दोन स्थानकांत सुमारे २६० मीटरचेच अंतर आहे. नकाशा पाहून नवखा माणूस तेवढ्यासाठी गाडीत बसतो. उलट, जेथे गाडी बदलावयाची तेथे नकाशात नुसते वर्तुळ दिसते आणि प्रत्यक्षात लांबच लांब बोगदा पायांखाली येतो.

हे लांब बोगदे मुळात निर्माण तरी का होतात? न्यूयॉर्कचे उदाहरण पाहण्याजोगे आहे. तेथील भुयारी रेल्वे १९०४ साली सुरू झाली. पुढे दोन खासगी कंपन्यांचे मार्ग वाढत गेले आणि १९३२ साली शहराने स्वतःचा तिसरा मार्ग चालू केला. तिघांनी आपापले मार्ग आपापल्या सोयीने खणले. दुसऱ्याच्या प्रवाशाची चिंता तिसऱ्याने का करावी? १९४० साली तिन्ही व्यवस्था शहराच्या एका छत्राखाली आल्या. परंतु कागदावरचे एकीकरण झाल्याने जमिनीतली स्थानके काही एकमेकांजवळ सरकत नाहीत. टाइम्स स्क्वेअरहून आठव्या रस्त्याच्या गाडीकडे जाणाऱ्यास आजही एका लांब भुयारी वाटेने चालावे लागते. आपल्या दिल्लीत धौला कुआँ आणि साउथ कॅम्पसचे स्थानक यांना जोडणारा, एक किलोमीटरहून अधिक लांबीचा पादचारी पूल २०१९ साली खुला झाला. त्यावर सरकते पट्टे आहेत, तरीही एक किलोमीटर तो एक किलोमीटरच. मुंबईतील वर्सोवा-घाटकोपर मार्ग २०१४ चा आणि भुयारी मार्ग त्यानंतर ११ वर्षांनी पुरा झालेला. दोन्ही चालवणाऱ्या संस्थाही वेगळ्या. ज्या घरात एकेक खोली वेगवेगळ्या पिढीने बांधली, त्या घरात स्वयंपाकघरातून माजघरात जाण्यास अंगण ओलांडावे लागते, तसाच हा प्रकार आहे.

गाडी बदलण्याची वाट निदान स्थिर असते. एकदा मोजली की झाले. त्याहून अवघड प्रकार म्हणजे गाडीचा मार्गच बदलणे. आम्ही मुंबईत होतो त्याच महिन्यात, ८ डिसेंबर २०२५ पासून, न्यूयॉर्कमध्ये 'एफ' आणि 'एम' या दोन गाड्यांनी क्वीन्स व मॅनहॅटन यांच्यामधील आपापल्या वाटांची अदलाबदल केली. तीही कामाच्या दिवशी आणि दिवसाच्या वेळी. रात्री आणि शनिवारी-रविवारी 'एफ' पुन्हा जुन्याच वाटेने जाते. हेतू चांगला होता. एका गाडीला दुसरीसाठी खोळंबून राहावे लागे, तो गुंता सोडवावयाचा होता. पण रूझवेल्ट बेटावर भुयारी रेल्वेचे एकच स्थानक आहे. तेथील रहिवाशांच्या वाट्याला दिवसा 'एफ'ऐवजी 'एम' आली, आणि 'एम' गाड्या तुलनेने कमी वेळा येतात. तेथील पुष्कळ लोकांनी नाराजी व्यक्त केली, हे साहजिक होते.

लंडनची 'सर्कल' गाडी तर नावाप्रमाणे कित्येक दशके शहराभोवती गोल गोल फिरत असे. फिरणाऱ्या गाडीला शेवटचे स्थानक नाही, म्हणून एकदा उशीर झाला की तो भरून काढण्यास उसंतही नाही. डिसेंबर २००९ मध्ये ते वर्तुळ तोडले आणि गाडीला दोन टोके दिली : एक हॅमरस्मिथ आणि दुसरे एजवेअर रोड. हेतू हा की गाडी वेळ पाळील. मात्र जे प्रवासी पूर्वी एजवेअर रोडवरून बसल्या जागी पुढे जात, त्यांतील अनेकांना तेथे उतरून गाडी बदलणे भाग पडले. अनेकांची सोय आणि थोड्यांची गैरसोय, असा हा व्यवहार असतो. आमचे मत असे की, अशा बदलांना सरसकट विरोध करणे शहाणपणाचे नाही. परंतु ज्या थोड्यांची गैरसोय होणार, त्यांना ती आधी, स्पष्ट शब्दांत आणि त्यांच्या भाषेत सांगणे हे सौजन्य नसून कर्तव्य आहे. स्थानकाच्या दारात पोहोचल्यावर चिकटवलेला कागद वाचावयास मिळणे म्हणजे सूचना नव्हे.

मग आमचे मागणे काय? फार मोठे नाही. नव्या बोगद्यांना कोट्यवधी रुपये लागतात, पण एका आकड्याला शाईच्या थेंबापलीकडे काही लागत नाही. प्रत्येक नकाशात, गाडी बदलण्याच्या वर्तुळाशेजारी, मिनिटांचे दोन आकडे छापावेत : एक भराभर चालणाऱ्याचा आणि दुसरा सावकाश चालणाऱ्याचा. लिफ्ट फलाटाच्या कोणत्या टोकाला आहे, हेही दाखवावे. मूल कडेवर घेतलेली आई, काठी टेकणारे आजोबा, जड सामान घेऊन रात्रीच्या गाडीने गावाहून आलेला माणूस, हे सारे तिकिटाचे पैसे पूर्णच देतात. नकाशा मात्र केवळ धडधाकट आणि रिकाम्या हाताच्या माणसासाठी काढलेला असतो.

यावर कोणी म्हणेल, आता मोबाइल सगळे सांगतो. ही वही आणि हे आकडे हवेत कशाला? मोबाइलचा उपयोग आम्हीही करतो आणि विद्यार्थ्यांनीही अवश्य करावा. आजचा मार्ग बदलला आहे काय, हे निघण्यापूर्वी पाहण्यास त्याच्यासारखे साधन नाही. परंतु तो चालण्याचा वेळ सांगतो, तो कोणाच्या तरी सरासरी चालीचा. आपल्या सोबतचे माणूस कसे चालते, हे त्यास दिसत नाही. ते आपल्यालाच पाहावे लागते. यंत्राने उत्तर द्यावे, पण प्रश्न नीट मांडण्याचे काम माणसाकडेच राहते. आम्ही त्या शनिवारी यंत्रास नव्हे, आपल्याच वहीस विचारले, तरीही फसलो. कारण प्रश्नच चुकीचा होता. 'येथून तेथे किती वेळ लागतो?' असे विचारण्याऐवजी 'मावशीला किती वेळ लागेल?' असे विचारावयास हवे होते.

म्हणून आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही चार गोष्टी सुचवितो. पहिली, प्रवास दारापासून दारापर्यंत मोजा. केवळ गाडीतला वेळ म्हणजे प्रवास नव्हे. दुसरी, वाट पाहण्याचा वेळ धरा. दर १० मिनिटांनी गाडी असेल तर सरासरीने ५ मिनिटे थांबावे लागते. पण परीक्षा, मुलाखत किंवा दवाखाना असेल त्या दिवशी पूर्ण १० धरावी, आणि दोनदा गाडी बदलावयाची असेल तर दोन्ही ठिकाणी पूर्ण धरावी. पहिल्या ठिकाणी एका मिनिटाने चुकलेली गाडी पुढच्या ठिकाणची गाडीही हातची घालविते. तिसरी, लवकर पोहोचविणारा मार्ग आणि कमी वेळा गाडी बदलावी लागणारा मार्ग, असे दोन्ही लिहून काढा आणि मग सोबत कोण आहे ते पाहून निवडा. दहा मिनिटे अधिक लागली तरी बसल्या जागी पोहोचविणारी गाडी पुष्कळदा अधिक शहाणी असते. चौथी, महत्त्वाच्या दिवसापूर्वी शक्य तर एकदा त्या वाटेने जाऊन या. आणि जुन्या माणसांना विचारा. त्यांच्या गुडघ्यांना शहराच्या साऱ्या पायऱ्या ठाऊक असतात.

याचा सराव करण्यास मुंबईस जावयास नको. येत्या सुट्टीत प्रत्येकाने आपल्या घरापासून पणजीच्या, म्हापशाच्या किंवा मडगावच्या बाजारापर्यंतचा हिशेब दोनदा मांडावा. एकदा स्वतःसाठी, आणि एकदा घरातील सर्वांत वयस्कर माणसासाठी. मग त्या माणसाबरोबर खरोखरच जाऊन यावे आणि दोन्ही आकडे पडताळून पाहावेत. गणिताच्या तासाला आम्ही वेळ, काम आणि वेग यांची उदाहरणे घालतो. त्यांत एक आगगाडी ताशी इतक्या किलोमीटर वेगाने धावते आणि दुसरी तितक्या. त्या उदाहरणांतील गाडीत कधी कोणाची आजी बसलेली नसते. ती बसवून पाहावी.

आज तुम्ही हिशेब मांडणारे आहात. उद्या तुमच्यापैकी कोणी अभियंता होईल, कोणी अधिकारी, कोणी नकाशा काढणारा. एखाद्या स्थानकाचा आराखडा त्याच्या टेबलावर येईल आणि दोन फलाटांमधील वाट थोडी लांब ठेवली तर खर्च थोडा वाचतो, असे कोणीतरी त्यास सांगेल. त्या क्षणी त्यास आपल्या घरातील म्हाताऱ्या माणसाबरोबर बाजारापर्यंत केलेला तो सुट्टीतला प्रवास आठवला, तर आमचे शिकविणे वाया गेले नाही असे आम्ही समजू. आम्ही स्वतः आता वहीत नवा रकाना आखला आहे. 'सोबत कोण?' असे त्याच्या डोक्यावर लिहिले आहे, आणि तो भरल्याशिवाय पुढचा एकही आकडा लिहावयाचा नाही, असा नियम केला आहे.